मास्क काढायचं जमत नाही म्हणून स्कुबाचा कोर्स सोडू नका

ओपन वॉटर कोर्स (स्कुबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा पहिला कोर्स) अर्ध्यावर सोडलेले जे जे लोक मला भेटलेत ते जवळपास सगळे एकाच ठिकाणी अडकलेले असतात, ते म्हणजे पाण्याखाली मास्क (डोळे आणि नाक झाकणारा चष्मा) पूर्ण काढायचा, मिनिटभर तसंच रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा देणारं, तोंडात धरायचं यंत्र) श्वास घेत राहायचं, मग परत घालून आतलं पाणी बाहेर काढायचं. ह्यात ताकद लागत नाही, पट्टीचं पोहणंही लागत नाही, फक्त नाकाला सवय लागावी लागते आणि ती रोज थोडी थोडीच लागते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आपल्या गोव्यात ग्रँड आयलंड बेटाला बोटीने नेऊन इन्स्ट्रक्टर हाताला धरून पाण्याखाली फिरवतो आणि फोटो काढून देतो, ती ट्राय डाइव्ह. त्यात तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. कोर्समध्ये थिअरी, पूलमधले स्किल्स आणि समुद्रात चार डाइव्ह असतात, पास झालात की बडीबरोबर (जोडीदार डायव्हरबरोबर) 18 मीटरपर्यंत जाता येतं. पोहण्याची टेस्टही असते, 200 मीटर पोहायचं (कितीही वेळ लागू दे) आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगायचं. पॅडी (PADI) ह्या डाइव्हिंग संस्थेच्या कोर्समध्ये लेखी परीक्षेला 75 टक्के लागतात, ते अभ्यास केला की होतं, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आपल्याकडे फोंडा, डिचोली, पेडणे बाजूचे बरेच जण देवळाच्या तळीत नाहीतर नदीत पोहायला शिकलेले, आणि लहानपणापासून पैज कसली तर कोण बुडी मारून जास्त वेळ दम धरतो त्याची. स्कुबात हीच सवय मोडायची आहे. श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि दम धरून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, पूलच्या दोन-तीन मीटरवरूनसुद्धा. म्हणून नाकात पाणी गेलं की झटकन वर पळायची जी ऊर्मी येते तीच सगळ्यात धोक्याची, आणि प्रॅक्टिस करायची ती मुख्यतः ह्याच ऊर्मीवर.

सुरुवात घरी करा. एक रुंद टब पाण्याने भरा, तोंडात स्नॉर्कल (पाण्यावर टोक राहणारी श्वासाची नळी), मास्क घालायचा नाही, नाक दाबायचं नाही, आणि चेहरा पाण्यात. घरातलं कोणीतरी शेजारी असू दे. पहिले काही दिवस तोंडाने श्वास घ्या आणि नाकाने हळू सोडा, बुडबुडे बाहेर जात असतात तेव्हा पाणी आत येत नाही हे शरीराला कळू दे. मग तोंडाने घ्यायचा आणि तोंडानेच सोडायचा. इथे खरी मजा आहे, नाकपुडीला पाणी लागलेलं असतं आणि तरी काही होत नाही! पहिल्यांदा दोन-तीन श्वासांतच डोकं वर येईल, येऊ दे, परत घाला. ताण न घेता मिनिटभर राहता यायला लागलं की पुढे जा.

मग पूल. पणजीत कांपालला किंवा जिथे जवळ असेल तिथे नुसत्या स्नॉर्कलने हेच करा, रेग्युलेटर मात्र इन्स्ट्रक्टर असतानाच. उथळ भागात गुडघ्यावर बसा, मास्कमध्ये आधी पाव भाग पाणी घ्या, ते बाहेर काढा, मग अर्धं, मग पूर्ण, आणि पूर्ण भरलेल्या मास्कमध्ये शांत बसता आलं की मगच मास्क काढायला हात लावा. पाणी काढताना मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, नजर किंचित वर, आणि नाकाने लांब सोडायचं. जोर नको. ज्यांची हवा तोंडातूनच निघून जाते त्यांना मी सांगतो, ओंकारातला म लांबवा. म म्हणताना हवा नाकातूनच जाते, दुसरीकडे जायला वाटच नाही. एका श्वासात नाही झालं तर रेग्युलेटरमधून दुसरा घ्या आणि परत, घाई कसलीच नाही. घशात पाणी गेलं तर रेग्युलेटर हाताने धरून त्यातच खोका, त्यात खोकता येतं.

मिशीवाल्यांनो, मास्क सतत गळत असेल तर नाकाखालची बारीक पट्टी तासून बघा, बराच फरक पडतो. कडेखाली केस अडकले तरी गळतो.

बॉयन्सीसाठी (पाण्यात ना वर ना खाली, स्थिर तरंगण्यासाठी) एकच सांगतो, बीसीडीचं (हवा भरायच्या जॅकेटचं) बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा आणि थांबा. परिणाम उशिरा दिसतो, लोक तेवढ्यात अजून दोनदा दाबतात आणि वर जातात. कोर्समध्ये हवा संपल्यावर वर यायचा सराव असतो त्यात सतत आ म्हणत यायचं, म्हणजे हवा बाहेर जात राहते.

समुद्राचा सीझन आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद, मग थिअरी आणि पूल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकून घेतलं तर बरं पडतं. पण गोव्याचं पाणी अंदमानसारखं काचेचं नसतं, मांडवी-झुआरी नद्यांचा गाळ असतो, कधीकधी चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही, आणि मिठाने डोळे चुरचुरतात. पूलमध्ये जमलेलं तिथे पहिल्या दिवशी डळमळतं, सगळ्यांचंच होतं. सकाळी पोटात थोडी पेज असू दे, रिकाम्या पोटी बोटीवर जास्त मळमळतं. सर्दी असेल तर डाइव्ह नकोच, खाली जाताना दाबाने दडे बसलेले कान मोकळे होणार नाहीत. आणि दमा, हृदय, सायनस असलं काही असेल तर मेडिकल फॉर्मवर लपवू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं, पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की एखादा स्किल जमला नाही तर जादा पूल सेशन मिळेल का आणि त्याचे किती. हा कोर्स दिवसांवर नाही, स्किल नीट येण्यावर पास होतो, त्यामुळे वेळ मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जो इन्स्ट्रक्टर ‘चला, झालं बघा’ म्हणून न जमलेल्या स्किलवर टिक मारतो, त्याला थांबवा आणि परत करायला लावा. पुढच्या सीझनला पाच-सहा महिन्यांच्या गॅपनंतर पाण्यात उतराल तेव्हाही ग्रँड आयलंडची बोट धरायच्या आधी एकदा पूलमध्ये मास्क काढून घालून बघा.