एका नगरात चार वस्त्या: एकत्र कार्यक्रमाची तयारी

तारीख सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी तारीख, मग मंडप, मग पाहुणे आणि उरल्यासुरल्या वेळात माणसं, अशा क्रमानं झालेले सद्भावना मेळावे आपण भरपूर पाहिलेत. स्टेजवर सगळ्या समाजांचे पुढारी असतात आणि खालच्या खुर्च्यांवर एकाच समाजाची माणसं. लातूरसारख्या शहरात एकेका नगराच्या पोटात चार-चार वस्त्या असतात. मशिदीमागची गल्ली, विहाराभोवतीची घरं, लिंगायत आणि मारवाडी व्यापाऱ्यांचे जुने वाडे, डाळ मिलवर कामाला आलेल्या परप्रांतीयांच्या खोल्या, शिवाय ट्यूशनसाठी आलेल्या पोरापोरींची होस्टेलं. या सगळ्यांना एका मांडवात बसवायचं तर दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. त्यातला बहुतेक वेळ बोलण्यात जाईल, आणि तो जाऊ द्या.

पहिल्या आठवड्यात एक वही घ्या आणि घरं लिहून काढा. मालकांची नावं सहज मिळतात. भाडेकरू, वरच्या मजल्यावरच्या खोल्या आणि होस्टेलची पोरं सुटतात, म्हणून ती मुद्दाम लिहा. कोणत्या दारात कोण राहतं हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना नेमकं ठाऊक असतं. त्यांना विचारा, पण तुमचं काम त्यांच्या डोक्यावर टाकू नका, त्यांच्याकडं आधीच ढीगभर कामं आहेत. दारोदार जाताना जोडीनं जा. जोडीतली दोन माणसं दोन वेगळ्या समाजांची असावीत आणि त्यात एक बाई हवीच, नाहीतर दुपारच्या वेळी निम्मी दारं उघडणारच नाहीत. ज्या घरी जाल तिथल्या रीतीनं नमस्कार करा: कुठं जय भीम, कुठं सलाम, कुठं शरणार्थ, कुठं राम राम. पहिल्या खेपेला कार्यक्रमाचं नाव काढू नका. इथं राहताना अडचण काय, एवढंच विचारा आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा. 'हमकू कोन पूछता?' असं म्हणणारी आपा एकदा बोलायला लागली की अर्धा तास थांबत नाही. तिचं म्हणणं तिच्यासमोरच वहीत उतरवा.

पहिल्या बैठकीचा विषय पाणी ठेवा. ऐक्य, बंधुभाव हे शब्द पत्रिकेवरसुद्धा नकोत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा टँकरमागं कोण धावलं नाही? त्या रांगेत सगळे होते, म्हणून पाण्यावर बोलताना कुणाला परकं वाटत नाही. बैठकीचा दिवस नळाला पाणी येण्याचा नसावा, कारण त्या दिवशी बायका घर सोडू शकत नाहीत. खुर्च्या नकोत, सतरंजी हवी. जागा निवडताना जपा. देवळाच्या सभामंडपात काहीजण येत नाहीत, मशिदीच्या अंगणात काहीजण बिचकतात, आणि समाजमंदिर बहुतेक वेळा कुणा एकाच समाजाचं मानलं जातं. शाळेचा व्हरांडा मिळाला तर उत्तम. पुढच्या बैठका मात्र आळीपाळीनं प्रत्येक वस्तीत घ्या, म्हणजे ज्या गल्लीत कधी पाय ठेवला नाही तिथं जायला निमित्त मिळतं.

बैठकीत बायका आणि पोरं आधी बोलतील, पुढारी शेवटी, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. नगरसेवक आलेच तर त्यांनाही तोच नियम. अशा बैठकीत घडतं ते असं. एक काकू तक्रार करतात की मागच्या गल्लीतले लोक मोटर लावून पाणी ओढतात. मागच्या गल्लीतली भाबी पदर सावरत म्हणते, 'मोटर नक्को तो पानी आताच नै, तुमीच बोलो.' दोघी एकाच पाइपलाइनच्या दोन टोकांना राहतात आणि इतकी वर्षं एकमेकींना दोष देत आलेल्या असतात. कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर पाइपलाइन काढून दाखवतं आणि अडचण व्हॉल्व्हपाशी आहे हे दोघींनाही दिसतं. मग महापालिकेत अर्ज घेऊन दोघींनी सोबत जायचं, हे तिथल्या तिथं नावानिशी लिहा. हा अर्ज मार्गी लागला तर कार्यक्रमाची अर्धी तयारी झाली असं समजा.

दुसरी बैठक आठवणींची. इथं एक प्रश्न कायम कामी येतो: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुम्ही कुठं होता? गणपती विसर्जनाची रात्र होती, लोक नुकतेच झोपले होते आणि किल्लारीचा भूकंप झाला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडं या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि कुणी कुणाला ढिगाऱ्यातून काढलं, कुणी भाकरी बांधून पाठवल्या हे सांगताना माणसं आपोआप जवळ सरकतात. होस्टेलच्या पोरांना ऐकायला बसवा आणि हे लिहून घ्यायचं काम द्या.

अवघड आठवणीही निघतील, त्याची मनाशी तयारी ठेवा. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कराच्या कारवाईनं, म्हणजे 'पोलीस अ‍ॅक्शन'नं, निजामाची राजवट संपली. कुणाच्या आजोबांनी निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जाच सोसला, तर कुणाच्या घरातली माणसं पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या हिंसेत गेली. या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड नोंदवले होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या वेळी, १९७८ साली, जळालेल्या दलित वस्त्यांच्या आठवणीही अजून जिवंत आहेत. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला म्हणून ते दुःख पुसलं गेलेलं नाही. अशा वेळी कुणी हिशेब मांडायला लागलं, 'तुमचे किती आणि आमचे किती', तर बैठक चालवणाऱ्यानं तिथंच थांबवावं. सांगणाऱ्याला मात्र मध्येच तोडू नये. म्हणून ही बैठक चालवायला शांत डोक्याचं, दोन्हीकडं मान असलेलं माणूस हवं. निवृत्त शिक्षिका असतील तर फारच चांगलं.

आता तारीख. एकाच वेळी चार दिनदर्शिका समोर ठेवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, त्यामुळं गेल्या वर्षीचा अंदाज चालत नाही. शुक्रवारची दुपार टाळा. श्रावण, नवरात्र, जैनांचं पर्युषण, १ ऑगस्टची अण्णाभाऊ साठे जयंती, १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती, १४ एप्रिलची भीमजयंती हे दिवस ज्यांचे त्यांना मोकळे सोडा. माझ्या मते येळवशीनंतरचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येनंतरचा, रविवार सगळ्यात चांगला. वेळ अमावास्येला लातूर, धाराशिवकडं शहर ओस पडतं, ज्याच्याकडं शेत आहे तो जात-धर्म न बघता ओळखीच्या सगळ्यांना जेवायला शेतात नेतो. ज्यांच्याकडं शेत नाही आणि ज्यांना कुणी बोलावत नाही, त्यांच्यासाठी तोच स्वयंपाक पुढच्या रविवारी गल्लीत करायचा. थंडी असते, ताक-पिठाची आंबील आंबलेली असते, मिसळीच्या भाजीला, म्हणजे भज्जीला, भाज्या स्वस्त असतात.

जेवणावर सर्वांत जास्त विचार करा, कारण खरी परीक्षा तिथं आहे. घरोघरी डबे आणायला सांगू नका. डबे येतात, झाकणं उघडतात आणि काही डबे जसेच्या तसे परत जातात. कोणते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते माणसाला आयुष्यभर लागतं. भांडं एकच असू द्या. भाज्या निवडायला सकाळी सगळ्या वस्त्यांतल्या बायका-पुरुष एका सतरंजीवर बसावेत, चुलीपाशी आणि वाढायला मिसळून माणसं असावीत. येळवशीची भज्जी, पिठाचे उंडे, खीर आणि आंबील शाकाहारी, म्हणून वारकरी, लिंगायत, मुसलमान कुणाचीच अडचण होत नाही. जैन घरांसाठी कांदा-लसूण आणि कंदमुळं न घातलेलं पातेलं वेगळं ठेवा आणि पंगत सूर्यास्ताआधी उठवा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरसारखी पंगत जमिनीवरच. पाहुण्यांसाठी वेगळं टेबल लावलं तर आधीच्या सगळ्या बैठका वाया गेल्या.

परवानग्यांचं लवकर आटपा: रस्ता किंवा मैदान महापालिकेकडून, कार्यक्रम आणि ध्वनिक्षेपक पोलीस ठाण्याकडून, दोन्ही अर्जांची पोच घ्या. रात्री दहानंतर भोंगा बंद. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बीट अंमलदारांना, म्हणजे आपला भाग ज्यांच्याकडं असतो त्या पोलिसांना, बैठकीलाच बोलवा. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथं पोलीस आणि रहिवासी आधीपासून एकमेकांना नावानं ओळखत होते.

मंचावर भाषणं दोनच, तीही पाच-पाच मिनिटांची. बाकी वेळ भारूड, कव्वाली, भीमगीतं, बंजारा बायकांची गाणी यांना द्या. पैठणच्या संत एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी हिंदू-तुर्क, म्हणजे हिंदू-मुसलमान, संवाद रचला. पोरांना तो वाचून बसवता आला तर जरूर बसवा. नेत्यांचे फलक नकोत. वर्गणी प्रत्येक घरातून घ्या, दहा रुपये का असेना, आणि पावती फाडा. एकाच शेठनं सगळा खर्च उचलला तर कार्यक्रम त्यांचा होतो.

कार्यक्रमाच्या आधीच्या दोन दिवसांत फोनवर काहीतरी फिरेल, हे गृहीत धरा. प्रत्येक वस्तीतली दोन माणसं ठरवून ठेवा, ज्यांना रात्री-अपरात्री फोन करून 'हे खरं का?' विचारता येईल, आणि त्यांचे नंबर सगळ्यांकडं असू द्या.

संपल्यावर आठ दिवसांच्या आत खर्चाचा कागद शाळेच्या भिंतीवर लावा, उरलेले पैसे किती तेही लिहा. वही पुढच्या गल्लीकडं द्या, पुढची बैठक कुणाच्या अंगणात ते ठरवा, आणि पाण्याच्या अर्जाचं काय झालं ते महापालिकेत जाऊन विचारून या.