टेराफॉर्मने ऑटोस्केलिंग लावताना: मर्यादा कोडमध्ये, आकडा स्केलरकडे

गर्दी वाढली की सर्व्हर वाढावेत आणि ओसरली की कमी व्हावेत, ही सोय क्लाउडच्या कन्सोलमध्ये चार क्लिक करून लावता येते. अडचण पुढे येते. कमाल मर्यादा सहाच का ठेवली, ती कोणी बदलली आणि कधी, हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ही सगळी मांडणी कोडमध्ये लिहायची आणि गिटमध्ये ठेवायची. इथे एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) आणि टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी कोडमधून उभारणारं साधन) गृहीत धरलं आहे. टेराफॉर्मचंच मुक्त भावंड असलेलं ओपनटोफू वापरत असाल तरी पायऱ्या याच.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सर्व्हर कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि कोणत्या मापावर वाढवायचे, हे कोड ठरवतो. या क्षणी किती हवेत, हे स्केलर, म्हणजे सर्व्हर आपोआप वाढवणारी-कमी करणारी एडब्ल्यूएसची यंत्रणा, ठरवतो. या दोन कामांची सरमिसळ झाली की टेराफॉर्म आणि स्केलर एकमेकांचं काम उलटवत बसतात. पुढच्या बऱ्याच सूचना यातूनच निघतात.

सुरुवातीची तयारी

तुमचं अ‍ॅप्लिकेशन यासाठी तयार आहे का, ते बघा. कोणताही सर्व्हर कुठल्याही क्षणी बंद झाला तरी वापरकर्त्याचं काही हरवता कामा नये. लॉगिन सेशन रेडिससारख्या सामायिक साठ्यात, अपलोड केलेल्या फाइली एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या फाइल साठ्यात, लॉग सर्व्हरच्या बाहेर. हे झालं नसेल तर ऑटोस्केलिंग लावू नका. आधी ते काम करा.

टेराफॉर्मची स्टेट फाइल (त्याने काय काय उभारलं याची नोंद) कोणाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. एस-थ्री बकेटमध्ये ठेवा, बकेटचं व्हर्जनिंग चालू करा आणि लॉकिंग लावा, म्हणजे दोघांचं अप्लाय (कोडमधले बदल प्रत्यक्ष लागू करणं) एकाच वेळी चालणार नाही.

लॉन्च टेम्प्लेट

नवा सर्व्हर कसा असावा, याचा साचा म्हणजे लॉन्च टेम्प्लेट. त्यात मशीन इमेज (ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर भरलेली प्रत), इन्स्टन्सचा म्हणजे सर्व्हरचा प्रकार, सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉलचे नियम) आणि आयएएम प्रोफाइल (सर्व्हरच्या परवानग्या) येतं. जुन्या लेखांत लॉन्च कॉन्फिगरेशन दिसेल. ते आता मागे पडलं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

इमेजवर मात्र वेळ खर्च करा. सर्व्हर सुरू झाल्यावर यूजर डेटा स्क्रिप्टमधून पॅकेजेस उतरवत बसलं, तर तो कामाला लागेपर्यंत कित्येक मिनिटं जातात आणि तोवर गर्दीने जुन्या सर्व्हरांना लोळवलेलं असतं. पॅकर या इमेज बनवणाऱ्या साधनाने सगळं आधीच भरलेली इमेज तयार करा आणि स्क्रिप्टमध्ये फक्त सेटिंग वाचण्यापुरत्या ओळी ठेवा. धोरणाचे आकडे कितीही घासूनपुसून घेतले तरी त्याचा उपयोग सर्व्हर लवकर उठण्याइतका होत नाही.

डिटेल्ड मॉनिटरिंग चालू ठेवा. त्याशिवाय सीपीयूचं माप दर ५ मिनिटांनी मिळतं, त्याने १ मिनिटाला मिळतं. टी-मालिकेतले इन्स्टन्स स्टँडर्ड मोडमध्ये वापरत असाल तर आणखी एक धोका आहे. क्रेडिट (जादा सीपीयू वापरण्यासाठी साठलेली मुभा) संपली की त्यांचा सीपीयू ठरलेल्या पायरीवर दाबला जातो, म्हणजे टी-टू मायक्रो १० टक्क्यांवर. सर्व्हर गुदमरलेला असतो, पण आलेखात १० टक्के दिसतात आणि ६० टक्क्यांची वाट बघणारा स्केलर हलत नाही.

ऑटोस्केलिंग ग्रुप

ग्रुपला किमान दोन अव्हेलेबिलिटी झोनमधले (एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरांमधले) सबनेट द्या आणि किमान संख्या २ ठेवा. लोड बॅलन्सरचा टार्गेट ग्रुप (विनंत्या ज्या सर्व्हरांकडे पाठवायच्या त्यांची यादी) जोडा. हेल्थ चेकचा प्रकार मुळात ईसीटू असतो, म्हणजे मशीन चालू आहे इतकंच पाहिलं जातं. तो ईएलबी (लोड बॅलन्सरची तपासणी) करा, म्हणजे मशीन जिवंत पण अ‍ॅप मेलेलं असेल तरी सर्व्हर बदलला जाईल. ग्रेस पीरियड, म्हणजे नव्या सर्व्हरची तपासणी सुरू करण्याआधी दिलेली सवड, अ‍ॅप उठायला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडा जास्त ठेवा. तो कमी पडला तर नवे सर्व्हर तयार होण्याआधीच आजारी ठरून मारले जातात, त्यांच्या जागी दुसरे येतात, तेही मारले जातात.

आता डिझायर्ड कपॅसिटी, म्हणजे या क्षणी किती सर्व्हर हवेत तो आकडा. समजा, तुम्ही कोडमध्ये ती २ लिहिली. गर्दीच्या वेळी स्केलरने ती ७ वर नेली. त्याच वेळी सहकाऱ्याने एक टॅग बदलला आणि अप्लाय केलं. प्लॅनमध्ये, म्हणजे अप्लायआधी दिसणाऱ्या बदलांच्या यादीत, टॅगच्या ओळीशेजारी "७ वरून २" अशी एक ओळ असते, जी घाईत नजरेतून सुटते. टेराफॉर्मच्या दृष्टीने कोडमध्ये २ आहे, म्हणून २ हवेत. ऐन गर्दीत पाच सर्व्हर बंद होतात. हे टाळायला डिझायर्ड कपॅसिटी लिहूच नका, म्हणजे ग्रुप किमान संख्येपासून सुरू होईल. सुरुवातीचा आकडा द्यायचाच असेल, तर लाइफसायकल ब्लॉकमधल्या इग्नोअर चेंजेसच्या यादीत ती टाका, म्हणजे त्या आकड्यातल्या फरकाकडे टेराफॉर्म दुर्लक्ष करेल.

कमाल संख्या ठरवताना डेटाबेसकडे बघा. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते. प्रत्येक सर्व्हरच्या पूलमध्ये (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) २० कनेक्शन असतील तर सहा सर्व्हरांना १२० लागतील. म्हणजे सहावा सर्व्हर मदतीला येत नाही, तो बाकीच्यांनाही अडकवतो. मर्यादा वाढवा, पूल लहान करा किंवा मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवा, आणि मगच कमाल आकडा लिहा. शेजारी कॉमेंटमध्ये हे गणितही लिहून ठेवा.

धोरण

टार्गेट ट्रॅकिंगने सुरुवात करा. सरासरी सीपीयू ६० टक्क्यांच्या आसपास ठेव, एवढंच त्याला सांगायचं असतं. दोन सर्व्हर ९० टक्क्यांवर गेले तर एकूण भार १८०, भागिले ६०, म्हणजे तीन सर्व्हर लागतील, हा हिशोब ते करतं. त्यासाठी लागणारे क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेचे अलार्मही तेच तयार करतं. त्या अलार्मना हात लावू नका आणि टेराफॉर्ममध्ये वेगळे लिहू नका.

सीपीयू हे प्रत्येक वेळी योग्य माप असतं असं नाही. बाहेरच्या सेवांची वाट बघण्यात वेळ घालवणाऱ्या अ‍ॅपसाठी दर सर्व्हरमागे येणाऱ्या विनंत्यांची संख्या घ्या. रांगेतली कामं उपसणाऱ्या सर्व्हरांसाठी दर सर्व्हरमागे किती कामं तुंबली आहेत, ते मोजा. दोन धोरणं एकत्र लावली तर कोणत्याही एकाने मागितलं की सर्व्हर वाढतात. कमी मात्र दोन्ही तयार असतील तेव्हाच होतात. डिफॉल्ट इन्स्टन्स वॉर्मअप, म्हणजे नव्या सर्व्हरचं माप धरण्याआधी थांबायचा वेळ, हाही भरा, नाहीतर नुकत्याच उठणाऱ्या सर्व्हरचं माप सरासरीत शिरून हिशोब बिघडवतं.

गर्दीची वेळ ठरलेली असेल तर शेड्यूल जोडा आणि त्यात किमान संख्या वाढवा. टाइम झोन स्पष्ट लिहा, कारण मुळात वेळ यूटीसी धरली जाते. जे आकडे बदलायचे नाहीत तिथे उणे १ द्या. शेड्यूल किमान संख्या बदलणार असेल तर ती संख्याही इग्नोअर चेंजेसमध्ये जायला हवी, कारण तीही आता टेराफॉर्मच्या हातात राहिलेली नाही.

नवी इमेज आली की

टेम्प्लेट बदलल्याने चालू सर्व्हर बदलत नाहीत. ग्रुपमध्ये इन्स्टन्स रिफ्रेशचा ब्लॉक लिहा, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने बदलले जातील. ग्रुपला टेम्प्लेटची आवृत्ती देताना डॉलर-लेटेस्ट ($Latest) हा शब्द देऊ नका, टेम्प्लेट रिसोर्सचा लेटेस्ट व्हर्जन हा गुण जोडा. शब्द तोच राहिला की टेराफॉर्मला बदल दिसत नाही आणि रिफ्रेश सुरू होत नाही.

तपासणी

अप्लाय झाल्यावर चाचणीच्या खात्यात के-सिक्ससारख्या साधनाने लोड बॅलन्सरवर भार टाका आणि ग्रुपची अ‍ॅक्टिव्हिटी हिस्टरी उघडी ठेवा. सीपीयूच्या धोरणात भार सलग ३ मिनिटं वर राहिला की वाढ सुरू होते, कमी व्हायला साधारण १५ मिनिटं लागतात. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे; लवकर कमी होत नाही म्हणून खटपट करू नका. एक सर्व्हर हाताने बंद करा आणि त्याच्या जागी दुसरा येतो का, ते बघा.

भार चालू आणि सर्व्हर वाढलेले असतानाच टेराफॉर्म प्लॅन चालवा. काही बदल नाही, असंच उत्तर यायला हवं. त्यात डिझायर्ड कपॅसिटीची ओळ दिसली, तर अप्लाय न करता लाइफसायकल ब्लॉककडे परत जा.