‘अपाची’ बसवताय? या चुका टाळा

‘द शॅडोज’ या ब्रिटिश बँडची ‘अपाची’ ही गिटारवरची धून बसवायची म्हणून इंटरनेटवर शोधली आणि पहिली सापडली तीच ऐकून सराव सुरू केला, तर गडबड तिथूनच. अमेरिकेत १९६१ साली गाजली ती डॅनिश गिटारवादक यॉर्गन इंगमनची आवृत्ती. हिप-हॉपवाल्यांनी उचलली ती १९७३ची, इन्क्रेडिबल बोंगो बँडची. जेरी लॉर्डनची ही धून शॅडोजनी १९६० साली लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली, तीच शोधा.

मग इको, म्हणजे सुराचा पडसाद. मीही पहिल्या दिवशी डिले पेडलची (पडसाद देणाऱ्या पायाजवळच्या डबीची) सगळी बटणं उजवीकडे फिरवून बसलो होतो. सूर एकमेकांवर चढले आणि चालीचा नुसता लगदा झाला. शॅडोजचा मुख्य गिटारवादक हँक मार्विन, त्याच्याकडे होतं मेआझी या इटालियन कंपनीचं इको यंत्र. त्यात मुद्रित आवाज परत ऐकवणारी एकाहून जास्त हेड असल्यामुळे पडसाद वेगवेगळ्या अंतरानं येतात आणि त्यांचाच एक ठेका तयार होतो. एकाच डिलेवर तो हुबेहूब येत नाही, पण जवळपास जाता येतं: रिपीट (पडसाद किती वेळा यावा) दोन-तीनच ठेवा आणि मिक्स (पडसादाचं प्रमाण) इतका कमी, की वाजवताना पडसाद जाणवेल, पण मूळ सुराच्या पुढे येणार नाही.

गेन, म्हणजे आवाज फाटका करणारं बटण? शून्याच्या आसपास. आवाज स्वच्छच हवा.

खरी डोकेदुखी ट्रेमोलो आर्मची, म्हणजे सूर हलवणाऱ्या, ब्रिजला (तारा बसवलेल्या पट्टीला) लावलेल्या दांडीची. हँक तो तळहातात धरूनच तारा छेडतो, सुराच्या शेवटी हलकासा हलवतो. आपण हँडपंपासारखा दाबतो! त्यात नऊचा सेट (पातळ तारा) असेल तर सूर भलतीकडेच जातो. हँकच्या तारा चांगल्या जाड असत. अकराचा सेट लावून बघा, मात्र ब्रिजच्या स्प्रिंग पुन्हा जुळवाव्या लागतील. आर्म सोडल्यावर तार बेसूरच राहते? दोष बहुतेक वेळा खुंट्यांचा नसून नटचा, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचा असलेल्या पट्टीचा असतो, तार खाचेत अडकते. तार सैल करून बाजूला घ्या, खाचेत शिसपेन्सिल घासा, पुन्हा सुरात लावा. दहा रुपयांचा इलाज.

आणि कृपा करून एकट्यानं वाजवून ‘मजा येत नाही’ म्हणू नका. हँकच्या मागे ब्रूस वेल्चची अकूस्टिक गिटार, जेट हॅरिसचा बेस आणि टोनी मीहनचे ड्रम आहेत. सुरुवातीला घुमतो तो चिनी ढोल खुद्द गायक क्लिफ रिचर्डनं वाजवलाय. गंमत म्हणजे, याच धुनेनं त्याचं ‘प्लीज डोन्ट टीज’ हे गाणं ब्रिटनमधल्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं आणि पाच आठवडे ती जागा सोडली नाही. तेव्हा अकूस्टिकवाला एक मित्र गाठा, दुसऱ्याला टेबलावर ठेका धरायला बसवा, आणि मग पहिला सूर छेडा.