संशोधन अनुदानाचा प्रस्ताव पाठवताय? जीवशास्त्र आणि पोषणशास्त्राच्या प्राध्यापकांनी या चुका टाळा

प्रस्ताव नामंजूर झाला की स्टाफरूममध्ये दोन कारणं ठरलेली असतात: वशिला नव्हता, नाहीतर इंग्रजी कमी पडलं. परीक्षकांचे शेरे शांतपणे वाचले तर बहुतेक वेळा तिसरंच कारण सापडतं. उद्दिष्टात एक प्रश्न असतो, नमुने दुसऱ्याच प्रश्नाला पुरतील असे असतात आणि बजेट भलत्याच कामासाठी मागितलेलं असतं. हे काम या माणसाला, या कॉलेजात, तीन वर्षांत जमेल का, एवढंच परीक्षक बघत असतो. त्यामुळे प्रस्ताव उलटीकडून लिहायला घ्यावा: आधी बजेट आणि कॅलेंडर, मग पद्धत, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. आपल्याकडे प्रस्तावना आठ पानं होते आणि पद्धत दीड पानात उरकली जाते.

दार चुकतं

गृहविज्ञान विभागातला आहार सर्वेक्षणाचा प्रस्ताव मूलभूत विज्ञानाच्या योजनेत टाकला, तर तो परत येणारच. जुन्या सर्बचं, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या मंडळाचं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे, म्हणजे एएनआरएफकडे आहे. त्याचा कायदा 2023 चा, अंमल 5 फेब्रुवारी 2024 पासून. तरीही सर्बचा जुना फॉरमॅट कॉपी करून पाठवणारे आहेत. आजार, कुपोषण, सार्वजनिक आरोग्य असा विषय असेल तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बघा; जैवतंत्रज्ञान असेल तर डीबीटी, म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही आहे, आणि काही विद्यापीठांच्या स्वतःच्या छोट्या योजना असतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यानं विद्यापीठाच्या योजनेपासून सुरुवात करणं शहाणपणाचं, कारण पुढच्या प्रस्तावात दाखवायला हातात काहीतरी प्राथमिक निष्कर्ष असतात. एकच प्रस्ताव मुखपृष्ठ बदलून तीन ठिकाणी पाठवू नका. तो दुसरीकडे विचाराधीन नाही, असं तुम्ही लिहून देत असता.

‘100 जणी’ आल्या कुठून?

पोषणशास्त्राच्या प्रस्तावात सगळ्यात जास्त मार इथे बसतो. तालुक्यातल्या स्त्रियांमधलं ॲनिमियाचं प्रमाण काढायचं, असं उद्दिष्ट असतं आणि नमुना असतो 100. का, तर आकडा गोल आहे. हिशोब करून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. हेच प्रमाण धरलं आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल असं ठरवलं, तर नेहमीच्या सूत्रानं 382 जणी लागतात. गावं निवडून त्या गावांतल्या स्त्रिया घेणार असाल, तर एका गावातल्या स्त्रियांचं खाणंपिणं एकमेकींसारखं असतं, म्हणून आकडा साधारण दुप्पट धरतात: 764. दहा टक्के जणी रक्त द्यायला नाही म्हणतील. म्हणजे सुमारे 850. एवढ्या किट, एवढे प्रवास परवडत नसतील तर उद्दिष्ट लहान करा. शंभर जणींवर आहारातला एखादा बदल तपासणारा अभ्यास उत्तम होऊ शकतो, त्याचं सूत्र वेगळं. पण शंभर जणींवरून अख्ख्या तालुक्याचं प्रमाण सांगू नका.

आणखी एक. त्या सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या रक्तावर हिमोग्लोबिन मोजलं होतं. तुम्ही शिरेतून रक्त घेऊन दुसऱ्या पद्धतीनं मोजणार असाल, तर दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) मोजायचं ठरवलंत तर सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन हवंच. शरीरात कुठे संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. हा शेरा इतक्या प्रस्तावांवर असतो की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

रानभाज्यांचे प्रस्ताव

टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. विषय सुंदर आहे, आपल्याच मातीतला आहे, आणि म्हणूनच गर्दीही फार. इथे ठरलेली गडबड ओल्या-सुक्या वजनाची. पानं वाळवून पूड केली, 100 ग्रॅम पुडीत 20 मिलिग्रॅम लोह मिळालं. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांतला पालक भाजीतल्या लोहाचा आकडा शेजारी लिहिला आणि ‘पालकापेक्षा कितीतरी पट लोह’ असा निष्कर्ष काढला. ते तक्ते खाण्याजोग्या ताज्या भागाचे आहेत. पानात 85 टक्के पाणी असेल तर तुमचे 20 मिलिग्रॅम ताज्या भाजीत तीनच उरतात. पानं नीट धुतली नसतील तर त्या तिनातही थोडी लाल माती आहेच.

पुढची उडी याहून मोठी: लोह भरपूर, म्हणून ॲनिमियावर उपाय. ऑक्झलेट, फायटेट, टॅनिन या लोह शोषू न देणाऱ्या घटकांमुळे त्यातलं किती अंगी लागेल, हे निदान प्रयोगशाळेत कृत्रिम पचन करून तरी तपासायला हवं. नाहीतर निष्कर्ष ‘लोहाचं प्रमाण मोजलं’ इथेच थांबवा. तेवढंही प्रामाणिक काम असतं. वनस्पतीची ओळख स्थानिक नावावर सोडू नका. दर दहा कोसांवर नाव बदलतं. हर्बेरियम नमुना (वाळवून कागदावर चिकटवलेली वनस्पती) करून तो भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात किंवा मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये ओळखून घ्या आणि क्रमांक प्रस्तावातच लिहा. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैवविविधता कायद्याखालची परवानगी आधी, कुरिअर नंतर.

परवानग्या

संस्थात्मक नीतिसमितीच्या अध्यक्षपदी प्राचार्यच असतील तर कागद तिथेच अडतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो. समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे आहे का, हेही बघा. कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून काम होतं. घाईत तीन सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन ‘समिती’ उभी करू नका.

आश्रमशाळेतल्या मुलांवर काम असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र म्हणजे संमती नव्हे. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी हवी, पालकांची लेखी संमती हवी, आणि मुलांचा होकारही: सात ते बारा वयात तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. संमतिपत्राचं मराठी शासकीय परिपत्रकासारखं नको. ‘सदर अभ्यासांतर्गत आपले रक्तनमुने संकलित करण्यात येतील’ हे कुठल्या आईला कळणार? ‘तुमच्या मुलीच्या हातातून एक चमचाभर रक्त घेऊ. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, शाळेत काही फरक पडणार नाही’ असं लिहा.

आहारात बदल करून परिणाम बघणार असाल तर पहिली व्यक्ती अभ्यासात घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चिकित्सा-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही. उंदरांवर प्रयोग असेल तर प्राणी नीतिसमितीची मंजुरी वेगळी.

बजेट

जेआरएफचं (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाचं) मानधन अजून 31 हजार लिहिलेलं दिसतं. 1 जानेवारी 2023 पासून ते 37 हजार आहे, म्हणजे घरभाडं सोडून वर्षाला 4 लाख 44 हजार. उपकरणांचंही तेच. संशोधन संस्थांना मिळणारी फक्त 5 टक्के जीएसटी भरण्याची सवलत 18 जुलै 2022 ला बंद झाली, पण जुन्या कोटेशनवरून केलेली बजेटं अजून फिरतात. कोटेशन ताजं घ्या, त्यात कर, इन्स्टॉलेशन आणि वॉरंटीनंतरची एएमसी (वार्षिक देखभाल करार) लिहून घ्या. उणे 80 अंशांचा फ्रीझर मागताना इन्व्हर्टर किंवा जनरेटरचा विचार नसेल तर लोडशेडिंगच्या गावातला परीक्षक लगेच ओळखतो.

मंजुरीनंतर

दुसरा हप्ता अडकतो तो जवळजवळ नेहमी यूसीवर, म्हणजे विनियोग प्रमाणपत्रावर. केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-अ या नमुन्यातलं हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाप्रमाणे द्यायचं असतं, प्रकल्पाच्या वर्षाप्रमाणे नाही. ऑक्टोबरमध्ये पैसे आले तर पहिलं प्रमाणपत्र 31 मार्चपर्यंतच्या सहाच महिन्यांचं. उपकरणांच्या हेडमधून (खर्चाच्या शीर्षातून) रसायनं घेतली तर सीए सही करत नाही. आधी मेल करून हेड बदलाची परवानगी घ्या. खात्यावर जमलेलं व्याज तुमचं नाही, ते परत करायचं असतं. प्रत्येक वस्तू आल्या दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा आणि पान क्रमांक बिलावर लिहून ठेवा. ऑडिटर पहिल्यांदा तोच मागतो.