शाफ्टचा रबर कपलर बदलला

कसारा घाट चढताना क्लच सोडला की गाडीखालून ‘धाड’ असा आवाज यायचा आणि पुढे नाशिकपर्यंत सीटखाली थरथर. गाडी १९९६ ची, मागच्या चाकांवर चालणारी. आधी गिअरबॉक्सचं माउंटिंग (त्याला खालून धरणारा रबरी आधार) बदलून पैसे घालवले. मग द्वारका सर्कलजवळच्या गॅरेजात रॅम्पवर घेतली, तर गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) यांना जोडणाऱ्या रबर कपलरला, म्हणजे झटके झेलणाऱ्या रबरी चकतीला, बोल्टच्या भोकांपाशी नख जाईल एवढ्या चिरा!

शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चपट्या टोकांवर) रंगाची खूण केली. तो वेगळ्या कोनात बसला तर बॅलन्स बिघडतो. नट-बोल्ट नवेच घेतले. घट्ट करताना बोल्टचं डोकं पान्याने धरून फक्त नट फिरवायचा, नाहीतर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींकडून हे मी आग्रहाने करून घेतलं. परवा इगतपुरीला जाऊन आलो, थरथर नाही.