धंदा अडचणीत आला की कारखानदाराने पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं

माझा टॉवेल विणायचा कारखाना आहे. आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाची ऑर्डर गेली हे मालकाच्या घरी कळायच्या आधी चहाच्या टपरीवर कळतं, त्यामुळे अडचण लपवायच्या भानगडीत पडू नका. मी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तेच केलं, दोन आठवडे ना सूतवाल्याचा फोन उचलला ना कामगारांचा, म्हटलं पक्कं काही कळलं की सांगू. पक्कं काही कळलंच नाही, आणि तेवढ्यात तीन चांगले माग चालवणारे दुसरीकडे लागले. 27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने भारतीय मालावरची आयात ड्युटी 50 टक्क्यांवर नेली आणि टॉवेलच्या ऑर्डरी होल्डवर गेल्या तेव्हा मात्र शहाणपण आलेलं होतं.

बोलायच्या आधी एक रात्र आकडे घेऊन बसा. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, साध्या फुलस्केप कागदावर. पुढचे 13 आठवडे मांडायचे, प्रत्येक आठवड्यात काय येणार, काय जाणार. जाणाऱ्यात पगार, लाइटबिल, 15 तारखेचा कामगारांचा पीएफ-ईएसआय (भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा), 20 चं जीएसटी, बँकेचा हप्ता, सूत. येणं लिहिताना पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, "सोमवारी टाकतो" म्हणते ते धरायचं नाही, मागच्या वर्षी तिने खरंच किती दिवसांनी टाकले ते धरायचं. ज्या आठवड्यात बाकी उणे होते तिथं लाल गोल करा. माझा गोल सहाव्या आठवड्यावर आला होता, मला वाटत होतं तीन-चार महिने आरामात निघतील!

आता सगळ्यात अवघड गोष्ट, माग. मागाचा खडखडाट बंद झाला की आपल्याला कारखाना मेल्यासारखा वाटतो म्हणून आपण ऑर्डर नसताना पण चालवत राहतो, "सीझनला जाईल माल" म्हणत, आणि सगळा पैसा गोडाऊनमध्ये टॉवेल होऊन पडतो. वर एक्स्पोर्टच्या साइजचा आणि शेडचा माल इथल्या बाजारात कुणी धड भावाने घेत नाही. मागावर चढलेला बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) अर्धा सोडता येत नाही हे खरं, तेवढा विणून काढा, पण नवीन वार्पिंग, म्हणजे बीमवर ताणा भरायचं काम, ऑर्डर हातात असल्याशिवाय लावू नका. काम कमी झालं तर चार जणांना घरी बसवण्यापेक्षा सगळ्यांच्या पाळ्या थोड्या थोड्या कमी करा. मजुरी सगळ्यांचीच कमी होते, कुरकुर पण होते, तरी माणसं टिकतात. टेरी टॉवेलच्या मागावर हात बसलेला माणूस एकदा भिवंडीला गेला की विसराच.

मग कामगारांशी बोला, आणि व्हॉट्सॲपवर नको. मी पाळी बदलायच्या वेळेला माग दहा मिनिटं बंद ठेवले अन् वार्पिंगच्या मशीनपाशी उभा राहिलो. भाषण तयार केलं होतं, अमेरिका, ड्युटी, डॉलर. आमच्या जुन्या जॉबर (मागांवर देखरेख करणाऱ्या) मामांनी दुसऱ्याच वाक्याला थांबवलं, "मालक, ते ऱ्हाऊ द्या, पगार कधीपर्यंत आहे तेवढं सांगा." मी म्हटलं सहा आठवडे नक्की, पुढचं दर शनिवारी इथंच सांगतो. बास, पुढं कुणी काही विचारलं नाही. त्याच बैठकीत मी घरखर्चाला उचलतो ती रक्कम निम्मी केल्याचं पण सांगितलं. हे आधी स्वतः करायचं आणि मगच पाळ्यांना हात लावायचा, उलटं केलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, आणि त्यानंतर मॅनेजरच्या हातात फार काही राहत नाही. फुलस्केप सोबत न्या, लाल गोलासकट. हप्ते पुढे ढकलून मिळाले तर व्याज चालूच असतं हे मात्र विसरू नका, 2020 मध्ये ऑगस्टपर्यंत मोरेटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची सवलत, होतं तेव्हा पुष्कळांना वाटलं माफच झालं, नंतर स्टेटमेंट बघून घाम फुटला. बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये (शिल्लक मालाच्या हिशेबात) माल फुगवून दाखवायचा मोह होतो, अजिबात नको. आणि महिन्याला टक्केवारीवर पैसे देणाऱ्याच्या दारात तर पाय ठेवू नका.

सूतवाल्याला थोडं का होईना, ठरलेल्या दिवशी द्या. गिऱ्हाइकाकडे वसुलीला बसताना उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट जवळ ठेवा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असा 2006 चा कायदा आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. जुन्या गिऱ्हाइकावर कुणी केस टाकत नाही, मी पण टाकलेली नाही. पण 2023-24 पासून वेळेत न दिलेलं बिल, प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय, पार्टीला इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येत नाही, हे मार्चमध्ये तिच्या सीएच्या कानावर घाला. काम होतं.

शनिवारचं एकदा कबूल केलं की सांगण्यासारखं काही नसलं तरी उभं राहायचं. एका शनिवारी माझ्याकडे खरंच काही नव्हतं, तेवढंच बोललो आणि चहा पाजला.