जुनी नाणी हवीत? कॅशियरशी ओळख ठेवा

बँकेत आलेलं जुनं नाणं सगळ्यात आधी दिसतं ते कॅशियरला. गर्दी नसताना काउंटरवर जाऊन सरळ विचारा, "जुनी नाणी, वेगळ्या नोटा आल्यात का? दर्शनी किमतीला घेतो." पुष्कळदा ती त्यांना अडगळच वाटते!

अमेरिकेत असाल तर अर्ध्या डॉलरची नाणी मागाच. १९६४च्या नाण्यात ९० टक्के चांदी, १९६५ ते १९७०च्या नाण्यांत ४० टक्के. साल पुसट असेल तर कड बघा. तांब्याची लालसर पट्टी ठळक दिसली, तर ते साधं नाणं. नोटेच्या क्रमांकात तारा दिसला, म्हणजे ती खराब छपाईच्या नोटेऐवजी छापलेली बदली नोट असली, तर बाजूला काढा. नाणं घासून चकचकीत मात्र करू नका, किंमत उतरते. नको असलेली नाणी दुसऱ्या शाखेत भरा, नाहीतर तीच पुन्हा तुमच्या गळ्यात पडायची.